ढग पांढरा दिसला म्हणजे पाऊस आला असं नाही

मे महिना संपत आला की मोबाइलवर एक चित्र फिरायला लागतं. काळपट पार्श्वभूमीवर भारताचा नकाशा, अरबी समुद्रावर पांढरेशुभ्र पुंजके आणि खाली कुणीतरी ठोकून दिलेलं असतं, ‘मॉन्सून निघाला, दोन दिवसांत कोकणात!’ चित्र खरं असतं. बहुतेक वेळा ते इन्सॅट-३डीआर किंवा इन्सॅट-३डीएस या आपल्याच उपग्रहांनी काढलेलं असतं. खालची ओळ मात्र बरेचदा फसते. त्यात उपग्रहाची चूक नाही. चित्रातला पांढरा रंग पावसाचा नसतोच, तो थंडीचा असतो.

हे एकदा नीट समजलं की उपग्रहांबद्दलच्या निम्म्या बातम्या वेगळ्या वाचता येतात. उपग्रहाला पाऊस मोजता येत नाही. वारा, तापमान, समुद्राची पातळी, मासे यांतलंही काही थेट मोजता येत नाही. तो इतका लांब असतो की त्याच्यापर्यंत फक्त किरण पोहोचतात. काही किरण पृथ्वीकडून आपोआप येतात, काही त्याने स्वतः खाली सोडलेले आणि उलटून परत आलेले असतात. त्यांचा जोर किती आणि त्यांना यायला वेळ किती लागला, एवढंच तो नोंदवतो. पुढचं सगळं जमिनीवर बसून केलेलं अनुमान असतं. हे अनुमान कुठे पक्कं असतं आणि कुठे डळमळीत, त्याची ही गोष्ट.

आधी त्या पांढऱ्या पुंजक्यांचं पाहू. इन्सॅट-३डी मालिकेतल्या कॅमेऱ्याला सहा ‘डोळे’ आहेत, म्हणजे तो सहा वेगवेगळ्या तरंगलांबींचे किरण टिपतो. त्यातला एक आपल्या डोळ्यांसारखा सूर्यप्रकाशात पाहतो, त्यामुळे रात्री तो निकामी. बातम्यांत दिसणारं चित्र सहसा अवरक्त किरणांचं असतं, साधारण ११ मायक्रॉन तरंगलांबीचं. प्रत्येक वस्तू आपापल्या तापमानानुसार असे किरण सोडत असते, आणि त्याला रात्र-दिवस काही नसतो. कोरोनाच्या काळात दुकानाच्या दारात कपाळासमोर धरायचे ते पिस्तुलासारखे तापमापक आठवा, ते याच तत्त्वावर चालतात. समुद्राचं पाणी २९ अंश सेल्सिअस असेल तर त्याच्याकडून भरपूर किरण येतात. पंधरा किलोमीटर उंच गेलेल्या ढगाचा माथा उणे ७० अंशांपर्यंत गार असतो, तिथून अगदी कमी येतात. हवामानशास्त्रज्ञांनी सोयीसाठी रंग उलटे ठेवले: जितकं गार तितकं पांढरं. म्हणून ढग ढगासारखा दिसतो.

म्हणजे पांढरं म्हणजे गार, आणि गार म्हणजे उंच. उंच ढग बहुतेक वेळा धो धो कोसळणारा असतो, पण ‘बहुतेक वेळा’ यातच सगळी मेख आहे. मोठ्या गडगडाटी ढगाचा माथा वर जाऊन पसरतो आणि बर्फकणांचा पातळ पडदा वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर वाहत जातो. उपग्रहाला तोही पांढराच दिसतो. त्याच्याखाली मात्र कोरडं ठणठणीत असतं.

तरीही या नात्याचा उपयोग झाला. अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ फिलिप आर्किन यांनी एक ढोबळ हिशेब मांडला: ढगाचा माथा उणे ३८ अंशांहून गार असेल तर त्याखाली ताशी ३ मिलिमीटर पाऊस पडतोय असं धरायचं. ऐकायला हास्यास्पद वाटतं. पण उष्ण कटिबंधात अडीच अंशांचे, म्हणजे सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचे चौकोन घेऊन बरेच दिवसांची सरासरी काढली तर उत्तर बऱ्यापैकी जुळतं. तुमच्या तालुक्यात आज दुपारी छत्री लागेल का, हे मात्र या हिशेबाला विचारू नये.

सह्याद्रीवर तर हा हिशेब उलटाच पडतो. जून-जुलैत समुद्रावरून येणारी ओली हवा घाटाच्या भिंतीला आपटते आणि नाइलाजाने वर चढते. तिथे जे ढग होतात ते फार उंच असावे लागत नाहीत. अनेकदा त्यांचा माथा गोठणबिंदूच्या पातळीच्या आसपास किंवा खालीच, म्हणजे चार-पाच किलोमीटरवर थांबतो. त्यांत बर्फ तयारच होत नाही. पाण्याचे थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि तासन्‌तास पडत राहतात. आंबोली, गगनबावडा, महाबळेश्वर, ताम्हिणी इथला तो न थांबणारा पाऊस असा असतो. माथा उबदार असल्याने अवरक्त चित्रात हे ढग नुसते करडे दिसतात. त्याच चित्रात बंगालच्या उपसागरावरचा ढग लखलखीत पांढरा असतो आणि बघणाऱ्याला वाटतं, खरा पाऊस तिकडेच आहे. पश्चिम घाटातला पाऊस उपग्रहांच्या अंदाजांत कमी भरतो, ही संशोधकांची जुनी डोकेदुखी आहे. पुण्याच्या आयआयटीएमने, म्हणजे उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा थाटली. शिखरावर बसलं की हे बुटके ढग प्रयोगशाळेच्या दारातूनच जातात.

मग ढगाच्या आत काय चाललंय ते दिसणार कसं? त्यासाठी मायक्रोवेव्ह लहरी लागतात. या लहरींना ढग जवळजवळ पारदर्शक असतो, पण पावसाचे थेंब आणि बर्फाचे गोळे त्यांना अडवतात किंवा विखुरतात. त्यामुळे माथ्याऐवजी आतला माल कळतो. १९९७ मध्ये अमेरिका आणि जपान यांनी मिळून सोडलेल्या टीआरएमएम उपग्रहावर तर पावसाचं रडारच होतं, अवकाशातलं पहिलं. पावसाचे थर वरून खाली कापून पाहावेत तसा पाऊस त्यात दिसायचा. २०१४ पासून जीपीएम हा त्याचा वारस ते काम करतोय.

इतकं चांगलं आहे तर इन्सॅटवर मायक्रोवेव्ह यंत्र का बसवत नाहीत? अडचण अंतराची आहे. इन्सॅट विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. तिथे एका फेरीला पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याइतकाच वेळ लागतो, म्हणून तो आपल्या डोक्यावर एकाच जागी टांगल्यासारखा राहतो आणि दर अर्ध्या तासाला चित्र देतो. दोन उपग्रहांच्या वेळा आलटून-पालटून ठेवल्या की दर पंधरा मिनिटांनी. पण मायक्रोवेव्हची तरंगलांबी अवरक्तापेक्षा शेकडो पटींनी मोठी. तेवढ्या उंचीवरून पंधरा-वीस किलोमीटरचा तपशील दिसायला कित्येक मीटर रुंदीची, अगदी अचूक आकाराची अँटेना लागेल. म्हणून ही यंत्रं जमिनीपासून चारशे ते नऊशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांवर बसवतात. ते दीड-पावणेदोन तासांत पृथ्वीला फेरी मारतात, पण एकाच गावावरून दिवसातून एक-दोनदाच जातात. थोडक्यात, जो नीट पाहतो तो थांबत नाही आणि जो थांबतो त्याला नीट दिसत नाही. हवामानाच्या सगळ्या उपग्रहांची आखणी या एका अडचणीभोवती फिरते.

भारत आणि फ्रान्सने यावर एक छान तोडगा काढला होता. १२ ऑक्टोबर २०११ रोजी उडालेला मेघा-ट्रॉपिक्स उपग्रह ध्रुवांकडे जायचाच नाही. विषुववृत्ताशी २० अंशांचा कोन करून तो फक्त उष्ण कटिबंधावर घिरट्या घालायचा, त्यामुळे तिथल्या एकाच जागेवर दिवसातून अनेकदा परतायचा. त्यातलं मद्रास नावाचं पावसाचं यंत्र लवकरच बंद पडलं, पण हवेतली आर्द्रता टिपणारं सॅफिर नावाचं यंत्र अनेक वर्षं चाललं. ७ मार्च २०२३ रोजी तो प्रशांत महासागरावर नियंत्रितपणे खाली आणून जाळण्यात आला.

चक्रीवादळांच्या बाबतीत आपण उपग्रहांवर जरा जास्तच विसंबून आहोत, आणि त्याला कारण आहे. अटलांटिकमध्ये अमेरिकेची विमानं थेट वादळाच्या पोटात शिरून वारा मोजतात. अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात अशी विमानं नेमाने जात नाहीत. मग वादळ भर समुद्रात असताना ‘वाऱ्याचा वेग ताशी इतका’ हा आकडा येतो कुठून? बहुतांशी ढगांच्या आकारावरून. व्हर्नन ड्वोराक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात ही पद्धत बसवली. ढगांच्या पट्ट्याने केंद्राला किती वेढा घातलाय, डोळा दिसतो का, डोळ्यातलं तापमान आणि भोवतालच्या भिंतीचं तापमान यांत किती फरक आहे, असं पाहत गुण द्यायचे. त्या गुणांना टी-क्रमांक म्हणतात. भारतीय हवामान विभाग हीच पद्धत वापरतो. टी २.५ झाला की त्या प्रणालीला ‘चक्रीवादळ’ म्हणायचं आणि नाव द्यायचं. त्या वेळी वारा ताशी ६२ किलोमीटर किंवा जास्त आहे असं मानलं जातं.

ही पद्धत पन्नास वर्षं टिकली हे आश्चर्यच आहे, कारण मुळात ती नजरेवर चालते. डोळा ढगांनी झाकलेला असेल तर दोन अनुभवी माणसं अर्ध्या टी-क्रमांकाने वेगळं उत्तर देऊ शकतात, आणि अर्धा क्रमांक म्हणजे ताशी जवळपास २० किलोमीटरचा फरक. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं तेव्हा ते किनाऱ्याजवळच्या डॉप्लर रडारच्या टप्प्यात आलेलं होतं, म्हणून शेवटच्या काही तासांत हवामान विभागाकडे ढगांच्या चित्राव्यतिरिक्तही पुरावा होता. पण वादळ तीव्र होईल का, कुठे वळेल, हे ठरवायचं असतं दोन-तीन दिवस आधी, ते रडारच्या नजरेपलीकडे असताना.

तिथे स्कॅटरोमीटर मदतीला येतो. हे यंत्र समुद्रावर रडारच्या लहरी सोडतं. वारा वाहू लागला की पाण्यावर बोटभर लांबीच्या सुरकुत्या पडतात, आणि जितक्या सुरकुत्या जास्त तितकी लहर जोरात परत येते. एकच जागा वेगवेगळ्या कोनांतून पाहिली की वाऱ्याची दिशाही काढता येते. मोकळ्या समुद्रावर वारा मोजण्याचा याहून चांगला मार्ग नाही. पण मुसळधार पावसात लहरी थेंबांवरच विखुरतात आणि वादळाच्या केंद्राजवळ, म्हणजे जिथे आकडा सगळ्यात जास्त हवा असतो, तिथेच यंत्र चाचपडतं.

एक गोष्ट सहसा लोकांना माहीत नसते. हवामानाची संगणकीय प्रारूपं उपग्रहाकडून ‘तापमान’ किंवा ‘आर्द्रता’ मागतच नाहीत. पूर्वी किरणांवरून आधी तापमान काढायचं आणि मग ते प्रारूपात घालायचं, अशी पद्धत होती. आता काम उलटं चालतं. संगणकात आधी एक काल्पनिक वातावरण तयार असतं. हे वातावरण खरं असेल तर वरच्या उपग्रहाला किती किरण दिसतील, याचा हिशेब संगणकच करतो. मग खऱ्या उपग्रहाने नोंदवलेला आकडा शेजारी ठेवतात आणि फरक कमी होईपर्यंत काल्पनिक वातावरण दुरुस्त करत जातात. अनुमानाची चूक मधल्या मध्ये वाढू नये म्हणून हा उपाय. गेल्या तीस-चाळीस वर्षांत अंदाज सुधारले त्यामागे मोठ्या संगणकांइतकाच या हिशेबाचा हात आहे, पण बातमी संगणकांचीच होते.

समुद्राकडे वळू. रत्नागिरी-मालवणच्या तांडेलांना हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेकडून मासळीच्या संभाव्य जागांची सूचना मिळते, तीही मराठीत: अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतक्या अंतरावर, इतक्या खोलीवर. उपग्रहाला मासे दिसत नाहीत हे उघडच आहे. त्याला दिसतो पाण्याचा रंग. सूक्ष्म वनस्पतींमधलं हरितद्रव्य निळा प्रकाश खातं, म्हणून जिथे त्या जास्त तिथे पाणी निळ्याकडून हिरव्याकडे झुकतं. त्याच्या जोडीला पृष्ठभागाचं तापमान पाहतात. गार आणि गरम पाणी जिथे भेटतं तिथे खालची पोषकद्रव्यं वर येतात, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यामागे तारली-बांगड्याचे थवे येतात. मासा कुठे असायला हवा याचं हे अनुमान आहे, तो जाळ्यात येईल याची हमी कुणी दिलेली नाही.

हे अनुमान किती नाजूक आहे पाहा. समुद्रावरून उपग्रहाकडे येणाऱ्या प्रकाशातला सुमारे ९० टक्के वाटा हवेचाच असतो, समुद्राचा जेमतेम दहावा हिस्सा. हवेचा वाटा आधी गणिताने वजा करावा लागतो. त्यात जराशी गल्लत झाली की हरितद्रव्याचा आकडा कुठल्या कुठे जातो. खाड्यांच्या तोंडाशी गढूळ पाणी असेल तर गाळ आणि वनस्पती यांत घोळ होतो. ढगाळ दिवशी तर काहीच दिसत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे सर्वांत ढगाळ काळात या सूचनेची तशीही गरज नसते. आपल्या ओशनसॅट मालिकेतला पहिला उपग्रह २६ मे १९९९ रोजी उडाला, तिसरा २६ नोव्हेंबर २०२२ रोजी. हे सगळे प्रामुख्याने समुद्राचा रंग पाहण्यासाठी बांधलेले. मला विचाराल तर इस्रोच्या कामांत सामान्य माणसाच्या सर्वांत जवळचं आणि सर्वांत कमी बोललं गेलेलं काम हेच.

आता समुद्राची पातळी. सर्वांत अचाट मोजमाप हे. १९९२ मध्ये अमेरिका-फ्रान्सचा टोपेक्स/पोसायडन उपग्रह १,३३६ किलोमीटर उंचीवर गेला. तो खाली रडारचा स्पंद सोडायचा आणि परत यायला किती वेळ लागला ते मोजायचा. वेळेवरून अंतर, आणि अंतरावरून पाणी किती उंच. पाणी एक सेंटिमीटर वर आलं तर लहर सेकंदाच्या सुमारे पंधरा अब्जाव्या भागाने लवकर परतते. पण हवेतल्या बाष्पाने लहर मंदावते आणि ओल्या उष्ण प्रदेशात अंतर तीस-चाळीस सेंटिमीटरने चुकू शकतं. म्हणून त्याच उपग्रहावर बाष्प मोजणारं वेगळं मायक्रोवेव्ह यंत्र ठेवावं लागतं. उपग्रह स्वतः नेमका किती उंचीवर आहे हेही सेंटिमीटरच्या हिशेबात माहीत हवं. हे सगळं वजा-अधिक करून, जगभरच्या लाखो मोजमापांची सरासरी काढून जो आकडा मिळतो तो असा: १९९३ पासून समुद्राची सरासरी पातळी साधारण १० सेंटिमीटर वाढली आहे. सुरुवातीला वाढीचा वेग वर्षाला सुमारे २ मिलिमीटर होता, आता ४ मिलिमीटरच्या पुढे गेला आहे.

या आकड्याची खातरजमा कशी करतात? जुन्या, साध्या यंत्रांनी. मुंबईत अपोलो बंदरला भरती-ओहोटीची नोंद १८७८ पासून आहे, आशियातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक. असं यंत्र पाण्याची पातळी किनाऱ्याच्या जमिनीच्या तुलनेत सांगतं, उपग्रह पृथ्वीच्या केंद्राच्या तुलनेत. जमीन खचत असेल तर दोन्ही आकडे वेगळे येणार, आणि तो फरकही उपयोगाचाच. पण उपग्रहाचं यंत्र हळूहळू बिघडत असेल तर तेही जगभरच्या भरतीमापकांच्या शेजारी ठेवल्यावरच उघड होतं. टोपेक्सच्या पहिल्या सहा वर्षांच्या नोंदींत असा एक सूक्ष्म कल होता. तो भरतीमापकांमुळे सापडला आणि काढून टाकल्यावर पाणी वाढण्याचा वेग स्वतःच वाढतो आहे, हे जास्त स्पष्ट दिसलं.

वादळाच्या अंदाजात अर्ध्या अंशाची चूक खपते. हवामानबदल मोजताना वर्षाला अंशाचा शंभरावा भाग महत्त्वाचा असतो, आणि तिथे उपग्रहाची प्रत्येक खोड नडते. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण तापमानाचं. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेचे उपग्रह हवेतल्या ऑक्सिजनकडून येणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी मोजत आहेत, त्यावरून हवेच्या जाड थरांचं तापमान निघतं. रॉय स्पेन्सर आणि जॉन क्रिस्टी यांनी १९९० मध्ये त्यांवरून पहिली मालिका काढली. जमिनीवरचे तापमापक वाढ दाखवत होते, उपग्रहांच्या मालिकेत मात्र तापमान वाढतच नव्हतं. तापमानवाढ थोतांड आहे म्हणणाऱ्यांना हे कोलीतच मिळालं. १९९८ मध्ये फ्रँक वेन्ट्झ आणि मथायस शाबेल यांनी दाखवलं की उपग्रह विरळ हवेला घासून हळूहळू खाली येत होते. उंची कमी झाली की तिरका पाहणारा डोळा वेगळा थर पाहतो आणि आकडा नकळत गार होतो. २००५ मध्ये दुसरी गोष्ट निघाली. उपग्रह एखाद्या जागेवरून ज्या वेळी जायचे ती वेळ वर्षागणिक सरकत होती, म्हणजे आधी दुपारी मोजलेलं तापमान नंतर संध्याकाळी मोजलं जात होतं. त्यासाठी केलेली दुरुस्तीच उलट्या चिन्हाची होती. हे दुरुस्त झाल्यावर उपग्रहांच्या मालिकेतही वाढ दिसू लागली.

म्हणून नवा उपग्रह जुन्याची जागा घेतो तेव्हा दोघांना काही काळ एकत्र काम करावं लागतं. सेंटिनेल-६ हा समुद्राची पातळी मोजणारा उपग्रह २१ नोव्हेंबर २०२० रोजी उडाला आणि वर्षभराहून अधिक काळ, आधीपासून हेच काम करणाऱ्या जेसन-३ उपग्रहाच्या मागे फक्त ३० सेकंदांच्या अंतराने फिरत राहिला. तेच पाणी, जवळपास त्याच क्षणी, दोन यंत्रांनी मोजलं. आकड्यांत जो फरक आला तो यंत्रांचा, समुद्राचा नाही, हे त्यामुळे ठामपणे सांगता आलं.

अशी काळजी सगळीकडे घेतली गेली नाही. ओशनसॅट-२ वरचा स्कॅटरोमीटर २०१४ च्या सुरुवातीला बंद पडला आणि त्याची जागा घेणारा स्कॅटसॅट-१ उडाला २६ सप्टेंबर २०१६ रोजी. मधली अडीच वर्षं समुद्रावरचा वारा मोजणारं आपलं स्वतःचं यंत्र वर नव्हतं. दुसऱ्या देशांच्या उपग्रहांवर रोजचा अंदाज निभावून गेला. पण आपल्या दोन यंत्रांची शेजारी ठेवून तुलना त्या काळात झाली नाही, आणि ती आता मागे जाऊन करता येत नाही.